क्लॅटचे उतारे: दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो

तालुक्याची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बारावीला, कला शाखेत शिकते आणि येत्या डिसेंबरमध्ये क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, देणार आहे. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. गावात या परीक्षेची शिकवणी नाही, त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका आणि ऑनलाइन मिळणारे मॉक, म्हणजे सराव परीक्षा, यांच्या आधारेच माझी तयारी चालू आहे.

ही परीक्षा इंग्रजीतूनच होते. दोन तासांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तरामागे ०.२५ गुण वजा होतो. २०२० पासून इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि गणित हे पाचही विभाग उताऱ्यांवर आधारलेले आहेत. त्यामुळे वाचन कच्चे राहिले तर त्याचा फटका एका विभागापुरता राहत नाही, सगळीकडे बसतो.

मागच्या रविवारच्या मॉकमध्ये मी ७८ प्रश्न सोडवले. त्यांतले ५१ बरोबर आणि २७ चूक आले, वजाबाकी होऊन ४४.२५ गुण पडले आणि ४२ प्रश्नांना हात लावायलाही वेळ उरला नाही. इंग्रजीच्या चार उताऱ्यांना ३८ मिनिटे लागली आणि त्यांवरच्या २४ प्रश्नांपैकी फक्त १३ बरोबर आले. मी प्रत्येक उतारा दोनदा, कधी तीनदा वाचते, कारण पहिल्या वाचनात वाक्य मनातल्या मनात मराठीत आणेपर्यंत त्याच्या आधीचे वाक्य निसटून गेलेले असते. चारपैकी दोन पर्याय मला सहज खोडता येतात. उरलेल्या दोघांतला जो मी निवडते तो मात्र बहुतेक वेळा चुकीचा निघतो. उत्तरतालिका पाहिल्यावर बरोबर पर्याय लगेच पटतो, याचेच जास्त वाईट वाटते.

गेल्या उन्हाळ्यापासून मी शब्दांची एक वही केली असून तिच्यात सुमारे १,४०० इंग्रजी शब्द अर्थासह लिहून पाठ केले आहेत. त्याचा गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. आधी प्रश्न वाचावेत की उतारा? शब्द पाठ करणे चालू ठेवावे का? आणि वाचनाचा वेग वाढवण्याचा काही वेगळा सराव असतो का? जाणकारांनी कृपया सांगावे.

विधी शाखा, चौथे वर्ष

मीसुद्धा मराठी माध्यमातूनच एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात आलो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून स्वस्थ बसवले नाही. थोडे सविस्तर लिहितो.

वेगाची चिंता तूर्त बाजूला ठेवा. सोडवलेल्या ७८ प्रश्नांपैकी २७ चुकले, म्हणजे तीनांतले एक उत्तर चुकले आहे, आणि तेही उतारा दोन-तीनदा वाचून. उद्या तुम्ही १२० प्रश्न सोडवू लागलात आणि हे प्रमाण तसेच राहिले, तर चाळीस उत्तरे चुकतील. म्हणून आधी चूक कुठे होते ते शोधले पाहिजे, आणि ते शोधण्यासाठी माझा पहिला सल्ला तुम्हाला विचित्र वाटेल: एक चाचणी मराठीत घ्या. कोणत्याही चांगल्या मराठी दैनिकातील चार-साडेचारशे शब्दांचा अग्रलेख घ्या आणि मराठीच्या शिक्षकांना किंवा एखाद्या मैत्रिणीला त्यावर पाच प्रश्न, प्रत्येकी चार पर्यायांसह, काढायला सांगा. प्रश्न माहितीचे नकोत. लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते, लेखक यांपैकी कशाशी सहमत होईल, तिसऱ्या परिच्छेदाचे काम काय आहे, अशा तऱ्हेचे असावेत. पाचही बरोबर आले तर अडचण इंग्रजीची आहे. मराठीतही दोन चुकले, तर अडचण वाचण्याच्या सवयीत आहे आणि शब्दांची वही तिच्यावर उपाय करू शकणार नाही. माझे त्या वेळी मराठीतही दोन चुकले होते. अग्रलेख आरक्षणावर होता आणि मी लेखकाचे म्हणणे वाचायचे सोडून त्या विषयावरचे माझे स्वतःचे मत पर्यायांत शोधत होतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

आता दोन पर्यायांचा प्रश्न. समजा उतारा असा आहे:

«ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी वाचते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस लावला, तर त्याच्या विहिरीतून उपसले जाणारे एकूण पाणी कमी होईलच असे नाही. म्हणून योजनेचे यश किती एकरांवर नळ्या अंथरल्या यावर मोजण्याऐवजी खोऱ्यातील एकूण उपसा किती उतरला यावर मोजायला हवे.»

प्रश्न: लेखकाचे मुख्य म्हणणे कोणते? पर्याय: (अ) ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होत नाही. (ब) ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी वाचते. (क) ठिबक योजनेचे मूल्यमापन एकूण उपशाच्या आधारे व्हावे. (ड) पाणीटंचाईच्या भागात ऊस लावण्यावर बंदी असावी.

यांतील (अ) लेखकाच्या विधानाला ताणून टोकाला नेतो. «होईलच असे नाही» हे लेखकाचे शब्द आहेत आणि त्यांचे «होत नाही» कधी झाले ते घाईत लक्षात येत नाही. (ड) अनेकांना पटणारे मत असेल, पण उताऱ्यात ते कुठेही नाही. हे दोन तुम्ही खोडाल. खरा सापळा (ब) आहे, कारण ते विधान उताऱ्यात जसेच्या तसे आले आहे आणि खरेही आहे. फक्त ते लेखकाने पुढे «परंतु» म्हणण्यासाठी आधी मान्य केलेले विधान आहे, त्याचे मुख्य म्हणणे नव्हे. शेवटी उरणाऱ्या दोन पर्यायांत बहुधा एक असा (ब) असतो: खरा, ओळखीचा, उताऱ्यातल्याच शब्दांत लिहिलेला आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसलेला. बरोबर पर्याय अनेकदा वेगळ्या शब्दांत लिहिलेला असल्यामुळे परका वाटतो, आणि परक्या भाषेत वाचणारा माणूस ओळखीच्या शब्दांकडे लवकर ओढला जातो.

यासाठी मी एकच नियम केला होता. कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी त्याला आधार देणाऱ्या ओळीवर उताऱ्यात बोट ठेवायचे, आणि मग ती ओळ याच प्रश्नाचे उत्तर देते का, हे स्वतःला विचारायचे. बोट ठेवता आले नाही तर तो पर्याय माझ्या डोक्यातून आलेला आहे, उताऱ्यातून नाही. ही परीक्षा कागदावर होत असल्यामुळे ओळ अधोरेखितही करता येते. सुरुवातीला वेळ लागतो. मला सुमारे तीन आठवडे लागले, नंतर हात आपोआप तिकडे जाऊ लागला.

आणि त्या २७ चुका फेकून देऊ नका. प्रत्येक चुकीपुढे «मी हा पर्याय का निवडला» हे एका मराठी वाक्यात लिहा. «बरोबर उत्तर का बरोबर आहे» हे लिहिण्याचा मोह होतो, पण त्याने काही साधत नाही, कारण ते उत्तरतालिका पाहिल्यावर सर्वांनाच पटते.

निवृत्त शिक्षिका

बाळा, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे इंग्रजी शिकवले, त्यातली बरीचशी तुझ्यासारख्याच मराठी माध्यमाच्या मुलामुलींना. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. तू जे लिहिले आहेस, की वाक्य मराठीत आणेपर्यंत आधीचे निसटते, त्याचे कारण मात्र मला सांगावेसे वाटते, कारण ते कारण भाषेतच आहे आणि मुले उगीच स्वतःला मठ्ठ समजतात.

हे वाक्य पाहा: «द रिपोर्ट सबमिटेड बाय द कमिटी अपॉइंटेड आफ्टर द फ्लड्स वॉज नेव्हर पब्लिश्ड.» मराठीत आपण म्हणू, «पुरानंतर नेमलेल्या समितीने सादर केलेला अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही.» मराठी वाक्य पुरापासून निघते, मग समिती, मग अहवाल. इंग्रजी वाक्य अहवालापासून निघते आणि मागे मागे जात पुरापर्यंत पोचते. आपल्याकडे विशेषण, मग ते एका शब्दाचे असो की पूर्ण वाक्याएवढे, नामाच्या आधी येते. त्यांच्याकडे लांब विशेषण नामाच्या मागून येते. त्यामुळे मनात भाषांतर करणाऱ्याला अख्खे वाक्य उलटे फिरवावे लागते, आणि शेवट हाती येईपर्यंत सुरुवात ध्यानात धरून ठेवावी लागते. अशी वीस वाक्ये उलटी केल्यावर कोणाचेही डोके शिणेल. शिवाय «सबमिटेड» हा शब्द दिसताच तेच मुख्य क्रियापद वाटते आणि «अहवालाने सादर केले» असा भलताच अर्थ लागून मूल परत पहिल्या शब्दावर येते. तुझे दुसरे आणि तिसरे वाचन इथे खर्च होते.

उपाय भाषांतराचा नाही, कर्ता आणि क्रियापद हुडकण्याचा आहे. पेन्सिल घेऊन लांब वाक्यात फक्त दोन गोष्टींखाली रेघ मार: कोण किंवा काय, आणि त्याचे काय झाले. वरच्या वाक्यात «द रिपोर्ट» आणि «वॉज नेव्हर पब्लिश्ड». मधले सगळे कोणता अहवाल एवढेच सांगते. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय पानावरची दहा लांब वाक्ये अशी सोडव, आणि त्यानंतर तोच मजकूर मोठ्याने वाच, अर्थाच्या तुकड्यांवर थांबत. दोन महिन्यांत डोळा इंग्रजीच्या चालीने चालायला लागतो. मराठी पूर्णपणे सोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. वाक्यावाक्याला मराठी नको, परिच्छेदाच्या शेवटी हवी. परिच्छेद संपला की समासात चार शब्द मराठीत लिही: «बचत मान्य, पण शंका», «उपाय सुचवला», असे. लेखकाने इथे काय सांगितले यापेक्षा लेखकाने इथे काय केले, हे लिहिलेले जास्त उपयोगी पडते.

वहीबद्दल. १,४०० शब्द पाठ केलेस ती मेहनत वाया गेली असे समजू नकोस, पण आता सुटे शब्द गोळा करणे थांबव. त्याऐवजी लहान, रोजचे, सगळ्यांना येतात असे वाटणारे शब्द पक्के कर, कारण उताऱ्याची दिशा तेच फिरवतात: हाउएव्हर, ऑल्दो, अनलेस, हार्डली, रादर दॅन, फार फ्रॉम. «अनलेस»ला मराठीत सुटा शब्दच नाही. आपण «जोपर्यंत… नाही तोपर्यंत» किंवा «…खेरीज» असे म्हणतो, म्हणून तिथे मुले होकार-नकाराची गल्लत करतात. दुसरा गट म्हणजे लेखक दुसऱ्याचे म्हणणे कसे सांगतो ते दाखवणारी क्रियापदे. «कन्सीड» म्हणजे नाइलाजाने मान्य करणे, «कंटेंड» म्हणजे आग्रहाने म्हणणे मांडणे, «अलेज» म्हणजे सिद्ध न झालेला आरोप करणे. तिन्हींचा अर्थ वहीत «म्हणणे» एवढाच लिहिलास तर प्रश्न चुकणारच.

अंकगणिती

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण वेळेचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि या मुलीच्या मनात स्वतःच्या वेगाविषयी जी समजूत आहे ती आकड्यांवर टिकत नाही, म्हणून लिहितो.

इंग्रजीचा उतारा साधारण ४५० शब्दांचा असतो. चार उतारे म्हणजे १,८०० शब्द. सरासरी अडीच वेळा वाचले असे धरले तर ४,५०० शब्द झाले. २४ प्रश्नांना प्रत्येकी अर्धा मिनिट दिला असेल तर १२ मिनिटे गेली आणि वाचनाला २६ उरली. २६ मिनिटांत ४,५०० शब्द म्हणजे मिनिटाला सुमारे १७० शब्द. हा वेग या परीक्षेला पुरेसा आहे. गणित वगळून संपूर्ण प्रश्नपत्रिकेत २० उतारे धरले तर ९,००० शब्द होतात. मिनिटाला १५० शब्दांनीही एकदाच वाचले तर ६० मिनिटे लागतील आणि उरलेला एक तास प्रश्नांना मिळेल. वेळ वेगामुळे जात नसून पुनर्वाचनामुळे जातो आहे. त्यामुळे वेग वाढवण्याच्या वेगळ्या क्लृप्त्यांवर एक दिवसही घालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा हिशेब रिकाम्या सोडलेल्या ४२ प्रश्नांचा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने ०.२५ मिळतात आणि ०.१८७५ जातात, म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे ०.०६२५ शिल्लक राहते. दोन पर्याय खात्रीने खोडल्यावर तीच शिल्लक ०.३७५ होते. पाच उत्तरांत एक बरोबर आले तरी नुकसान होत नाही. म्हणून ज्या प्रश्नात एक तरी पर्याय खोडता आला आहे तो कोरा सोडणे हा तोटाच आहे. ओएमआरवरची, म्हणजे उत्तरपत्रिकेवरची, वर्तुळे मात्र दर उताऱ्यानंतर भरावीत. शेवटच्या पाच मिनिटांत शंभर वर्तुळे भरताना एक ओळ सरकली की सगळी मेहनत पाण्यात जाते.

आणि आधी प्रश्न की उतारा, याचे उत्तर अजून कोणी दिले नाही. प्रश्न आधी वाचावेत. पर्याय वाचू नयेत, पण प्रश्नाची ओळ पाहून घेतली तर उताऱ्यात काय शोधायचे ते कळते.

विधी शाखा, चौथे वर्ष

अंकगणिती काका, वेगाचा हिशेब मला फार आवडला. मी स्वतः तो कधी मांडला नव्हता. प्रश्न आधी वाचण्याबाबत मात्र मला सरसकट नियम मान्य नाही, कारण विभागागणिक उत्तर बदलते.

चालू घडामोडींच्या विभागात अवश्य आधी प्रश्न वाचावेत. तिथले पुष्कळसे प्रश्न उताऱ्याच्या विषयाशी जोडलेले असले तरी त्यांची उत्तरे उताऱ्यात नसतात. ती आपल्याला आधीपासून माहीत असावी लागतात, मग संपूर्ण उतारा वाचून काय उपयोग? कायदेविषयक विभागात उलट आहे. तिथे प्रश्नातच एक लांबलचक प्रसंग दिलेला असतो आणि उताऱ्यातला नियम कळल्याशिवाय तो प्रसंग वाचणे म्हणजे दोनदा वाचण्याची तरतूद करणे. इंग्रजी आणि सामान्य तर्क या विभागांत मी दोन्ही करून पाहिले. ज्याला इंग्रजी सरावाचे आहे त्याला प्रश्न आधी पाहणे परवडते. आपल्यासारख्यांना सहा प्रश्न डोक्यात ठेवून परक्या भाषेतला उतारा वाचताना लक्ष फुटते आणि आपण वाचायच्याऐवजी शब्द शोधत बसतो. म्हणून आपल्यासारख्यांनी उतारा आधी, एकदा, पेन हातात घेऊन वाचावा.

जिल्हा न्यायालय

मी वकिली करतो, त्यामुळे फक्त कायदेविषयक उताऱ्यांबद्दल सांगतो. या विभागासाठी कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, असे परीक्षा घेणाऱ्या कन्सॉर्टियमने, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाने, स्पष्ट केलेले आहे. विद्यार्थ्यांना ही सवलत वाटते. प्रत्यक्षात ती शिस्त आहे, कारण अर्धवट माहिती असणारेच तिथे घसरतात.

उदाहरण घ्या. अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने, केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले आणि तो निर्णय भारतात आजही प्रमाण आहे. समजा तुम्ही हे कुठेतरी वाचलेले आहे. उताऱ्यात मात्र एखाद्या काल्पनिक राज्याचा नियम दिला आहे की असा करार अज्ञान व्यक्तीच्या मर्जीनुसार रद्द करता येण्याजोगा असेल, म्हणजे तिने रद्द करेपर्यंत तो चालू राहील. प्रसंगातल्या सतरा वर्षांच्या मुलाने सायकल भाड्याने घेतली आहे आणि करार रद्द केलेला नाही. दुकानदाराला भाडे मागता येईल का? उताऱ्याप्रमाणे येईल. जो १९०३ चा निर्णय आठवून «नाही» म्हणेल त्याचे उत्तर चुकेल, जरी भारतातल्या कायद्याबद्दलची त्याची माहिती बरोबर असली तरी. न्यायालयातही समोरच्या कलमाचे शब्द हेच शेवटी मोजले जातात, म्हणून मला हा विभाग मनापासून योग्य वाटतो.

वाचताना तीन ठिकाणी थांबा. पहिले, «अँड» आणि «ऑर»: दोन्ही अटी हव्यात की एक पुरे, यावर निम्मे प्रसंग बेतलेले असतात. दुसरे, «शॅल» आणि «मे»: करावेच लागेल की करता येईल. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परंतुक, जे इंग्रजीत «प्रोव्हायडेड दॅट»ने सुरू होते. नियम एका ओळीत येतो, अपवाद दोन ओळींनंतर हळूच येतो आणि प्रसंग बहुधा त्या अपवादावरच रचलेला असतो. उतारा वाचतानाच नियमाला एक खूण आणि अपवादाला दुसरी खूण करून ठेवली तर प्रसंग वाचताना परत मागे जावे लागत नाही.

न्यू जर्सीकर

येथे माझ्या मुलीने २०२४ मध्ये सॅट, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा, दिली, म्हणून एक सावधगिरीची सूचना. ऑनलाइन मिळणारे आकलनाचे पुष्कळसे मार्गदर्शन अमेरिकन परीक्षांसाठी लिहिलेले असते आणि ते जसेच्या तसे क्लॅटला लावू नये. संगणकावर होणाऱ्या नव्या सॅटमध्ये उतारे केवळ २५ ते १५० शब्दांचे असतात, प्रत्येक उताऱ्यावर एकच प्रश्न असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तिथे आधी प्रश्न वाचणे अगदी योग्य आहे, कारण प्रश्न एकच आहे. ४५० शब्द आणि सहा प्रश्न असतील तर गणित बदलते. जुन्या, २०२३ पर्यंतच्या सॅटचे लांब उतारे मात्र तुमच्या सरावाला उपयोगी पडतील.

तालुक्याची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे आणि मगच लिहायचे, असे ठरवले होते.

मराठीतली चाचणी आमच्या मराठीच्या सरांनी घेतली. अग्रलेख शाळांच्या विलीनीकरणावर होता. पाचपैकी दोन चुकले, आणि दोन्ही ठिकाणी मी लेखकाने आधी मान्य केलेले विधान त्याचे मुख्य म्हणणे समजले होते. नंतर मी त्या २७ चुका घेऊन बसले. सहा चालू घडामोडींच्या आणि गणिताच्या होत्या. उरलेल्या २१ पैकी आठ ठिकाणी मी उताऱ्यात असलेले पण न विचारलेले विधान निवडले होते, सात ठिकाणी उताऱ्याबाहेरचे, चार ठिकाणी टोकाचे. शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून चुकलेले प्रश्न फक्त दोन निघाले. १,४०० शब्दांची वही मी कपाटात ठेवली आहे.

रोज दहा वाक्यांचे कर्ता-क्रियापद शोधते आणि परिच्छेदाच्या समासात मराठीत लिहिते. कालच्या मॉकमध्ये ९४ प्रश्न सोडवले, ६८ बरोबर आले, २६ चुकले, ६१.५ गुण झाले. चुकांची संख्या जवळपास तेवढीच दिसते, पण त्यांतल्या बऱ्याच शेवटच्या पंधरा मिनिटांत एकेक पर्याय खोडून केलेल्या आहेत. इंग्रजीचे चार उतारे २७ मिनिटांत झाले. कायदेविषयक विभागात परंतुकाला खूण करण्याचा फार फायदा झाला. सर, त्यासाठी विशेष आभार.

एक अडचण राहिली आहे. कथा-कादंबरीतला उतारा आला की मी पुन्हा अडखळते. त्यात मुख्य म्हणणेच नसते, मग बोट कशावर ठेवायचे? लेखकाचा सूर विचारला तर चारही पर्याय सारखेच वाटतात.

निवृत्त शिक्षिका

फार आनंद झाला, आणि तुझ्या सरांनी वेळ काढला त्याचा त्याहून जास्त.

कथेच्या उताऱ्यात म्हणणे शोधू नकोस, बदल शोध. पहिल्या परिच्छेदात पात्र कुठे उभे आहे आणि शेवटच्या परिच्छेदात कुठे आहे, एवढे समासात लिही. समज, सुनेने आणलेली साडी सासू आधी न उघडताच कपाटात ठेवते आणि शेवटी शेजारणीला दाखवायला स्वतःच बाहेर काढते. सासूचे मन वळले, असे कथेत कुठेही लिहिलेले नसेल. प्रश्न त्यावरच येईल, आणि बोट साडी बाहेर काढण्याच्या वाक्यावर ठेवायचे.

सुराच्या प्रश्नात दोन गोष्टी वेगळ्या ठेव: पात्राला काय वाटते आणि सांगणाऱ्याला त्या पात्राबद्दल काय वाटते. सासू रागावलेली असेल, पण सांगणारा तिच्याकडे मायेने पाहत असेल. मग «रागीट» हा पर्याय चूक आणि «ममतेचा» बरोबर. हे ठरवायला सांगणाऱ्याने वापरलेली विशेषणे आणि क्रियाविशेषणे पाहा. त्याने «तिने साडी आपटली» लिहिले आहे की «तिने साडी जरा जोरातच ठेवली» असे लिहिले आहे, यात सगळा सूर आहे. मराठीत हा फरक तुला आत्ताही सहज कळला असेल. इंग्रजीत तो कळण्यासाठी अग्रलेखांच्या जोडीला आठवड्यातून दोन लघुकथा वाच, प्रश्न न सोडवता, नुसत्या.

आणि मॉक रात्री देत असशील तर ते आता थांबव. क्लॅट दुपारी २ ते ४ या वेळेत होते. जेवण झाल्यावरची ती सुस्तीची वेळ आहे, तिची सवय डिसेंबरपर्यंत लागायला हवी.